दोन तक्त्यांच्या मधे

बाबांनी आईला विचारलं, "पडदा ओढू का? तुमच्या स्क्रीनवर उजेड येत असेल." आई म्हणाली, "ओढा." बस, एवढंच. बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, यात काय एवढं? पण मी दोघांच्या बरोबर मधे, फरशीवर चिकटवलेल्या पिवळ्या पट्टीवर उभी होते, आणि मला असं झालं की अंधारात जिना उतरताना वाटावं अजून एक पायरी आहे आणि पाय दाणकन सपाट जमिनीवर पडावा. कारण घर वेगळं झाल्यापासून या दोघांनी एकमेकांना, कामाचे आकडे सोडले तर, काही थेट विचारलेलं मी ऐकलंच नव्हतं. सगळं माझ्यामार्फत. 'आईला सांग, रविवारी सोडायला उशीर होईल.' 'बाबांना विचार, हिवाळ्याचे कपडे कुठल्या पेटीत गेले.' मी या घरातून त्या घरात, दोन गल्ल्यांचं अंतर, खिशात हात घालून, तोंडात निरोप घेऊन. निरोपातला राग वाटेत सांडायचा. 'त्या बाईला म्हणावं' असं निघालेलं मी 'आई, बाबा म्हणत होते' असं पोचवायचे. कुणी शिकवलं नव्हतं. आणि आता एका पडद्यासाठी मला वगळलं. मी तिथेच असताना. माझ्या डोक्यावरून 'ओढू का' गेलं आणि 'ओढा' परत आलं, आणि मला हलायची परवानगी नव्हती.

प्रयोगशाळेतली ही खोली तशी साधीच. मुद्दाम साधी ठेवलेली. एक लांब टेबल, फिरत्या खुर्च्या, पांढरा फळा, वर ट्यूबलाइट. लोक मीटिंगला बसून जांभया देतात ना, तशी. फक्त एका टोकाला बाबांचा तक्ता आणि दुसऱ्या टोकाला आईचा. तक्ता म्हणजे दारापेक्षा मोठी पाटी, तिच्यावर नखाएवढे तांब्याचे चौकोन, एकेक म्हणजे एक अँटेना, बाथरूमच्या टाइल्ससारखे ओळीत. बाबांच्या तक्त्यातून लहरी निघतात, आईचा तक्ता ऐकतो. तक्त्याच्या मागे काळा फोम आणि फोमच्या मागे एकेक खुर्ची. इतक्या बारीक लहरींना लांब वायर चालत नाही, त्या वायरीतच दम तोडतात, म्हणून यंत्र तक्त्याला चिकटून आणि माणूस यंत्राला चिकटून. म्हणजे बाबा त्यांच्या तक्त्यामागे, आई तिच्या. त्यांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. मीही दिसत नाही. मी स्क्रीनवर दिसते, म्हणजे मी नाही, माझ्यामुळे जो फरक पडतो तो दिसतो. आणि मी खिडकीकडे तोंड करून उभी. डावा कान आईकडे, उजवा बाबांकडे. आता पडदा ओढल्यावर खिडकीही गेली. समोर नुसतं करड्या रंगाचं कापड, आणि त्यावर कुणीतरी कधीतरी सांडलेल्या कॉफीचा डाग, कुत्र्यासारखा. एक कान वर, एक खाली.

बाबांना विचारलं तर जगात फक्त लहरी आहेत. लहर धातूवर आपटते, काचेतून जाते, माणसात मुरते. तिच्यावर बसून कुणाचं काय बोलणं चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. आईला विचारलं तर जगात फक्त बोलणं आहे. गोंगाटातून किती बोलणं न चुकता पलीकडे पोचवता येईल आणि त्याची शेवटची हद्द कुठली, यात तिची सगळी उमर गेली. खोली, भिंत, टेबल, हे सगळं तिच्या कागदावर म्हणजे आकड्यांचा एक चौकोन. 'चौकोन द्या, मी हद्द काढून देते,' ती म्हणायची. 'आणि चौकोन काय आभाळातून पडतो?' बाबा म्हणायचे. हे भांडण मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेय. बाकीच्यांचे आईबाप सासूवरून भांडतात, नातेवाइकांवरून भांडतात. आमच्याकडे एकदा भाजी करपली कारण बाबा म्हणाले की अँटेना शेजारच्या अँटेनाला ऐकते हे तू गणितात धरतच नाहीस, आणि आई म्हणाली, धरायची गरजच काय. धूर झाला तरी कुणी गॅस बंद करेना. मीच स्टुलावर चढून केला. घर याच्यावरून मोडलं असं कुणी म्हणणार नाही. पण मोडलं तेव्हा दुसरं कुठलं कारण मला तरी दिसलं नव्हतं. दोघंही बरे लोक. नुसतं एकाचं म्हणणं दुसऱ्यानं हिशेबात धरलेलंच नव्हतं.

आता म्हणे पुढच्या पिढीच्या फोनसाठी दोन्ही एकत्र केल्याशिवाय गत्यंतर नाही. भिंतीच्या भिंती अँटेना होणार आणि माणूस त्यांच्या इतका जवळ असणार की जुनी गणितं लंगडी पडतात. आणि नुसतं तांबं वाढवून भागत नाही. चौकोन फार खेटून लावले की ते समोरच्याचं ऐकायचं सोडून शेजाऱ्याशीच कुजबुजत बसतात, वर्गातल्या मागच्या बाकासारखे. शेवटी या भिंतीवरून त्या भिंतीवर एका वेळी किती वेगवेगळ्या गोष्टी जाऊ शकतात, हे भिंती केवढ्या, एकमेकींपासून किती लांब, लहर किती बारीक आणि मधे काय आहे यावर ठरतं. अशा एकेक वेगळ्या जाण्याला हे लोक 'वाट' म्हणतात. किती वाटा आहेत ते मोजायचं, मग प्रत्येक वाटेवरून किती बोलता येईल ते काढायचं. पहिलं काम बाबांचं, दुसरं आईचं, आणि मधला सांधा दोघांचा. तर वरच्या साहेबांनी दोघांना एका खोलीत घातलं. साहेबांना बहुतेक यांचं घरचं माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं आणि फिकीर नव्हती.

'मधे काय आहे' ती मी. खरं तर पुतळा होता. माणसाच्या आकाराचा, आत खारट चिकट पाणी भरलेला, कारण लहरींच्या दृष्टीनं माणूस म्हणजे तेवढंच. त्याला आम्ही ढोल्या म्हणायचो. ढोल्या दुसऱ्याच दिवशी काखेतून गळायला लागला. तिथला यंत्रं लावणारा माणूस, ज्याचा आवाज असा की खोलीत स्पीकर कशाला हवा, त्याला सगळे भोंगाच म्हणतात, तो फरशी पुसत म्हणाला, "साहेब, ही आहे ना, रिकामीच फिरते दिवसभर. हिलाच उभी करा." मी म्हटलं, "रिकामा तू." बाबा म्हणाले, "ठिणगे, तोंड सांभाळ." ठिणगी हे माझं नाव बाबांनी ठेवलेलं, मी रांगायला लागायच्या आधीच. मग त्यांनी आईकडे न बघता मला म्हटलं, "आईला विचार, चालेल का." आई समोरच होती, चष्मा पुसत. तीही माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांना सांग, तिला चालत असेल तर." आणि भोंगा या दोघांकडे असा बघत राहिला की एखाद्यानं टेनिस बघावं. मला चाललं. का चाललं ते तेव्हा माहीत नव्हतं. दोघं एका खोलीत आणि मी मधे, माझ्याशिवाय यांचं पान हलणार नाही, असं काहीतरी गोड वाटलं असणार.

नियम एकच. फेरी चालू असताना मधल्यानं हलायचं नाही, बोलायचं नाही, श्वास घ्यायचा पण हळू. तक्त्यामागच्यांनी काहीही करावं, फोमच्या पलीकडचं मोजणीत येत नाही. गंमत बघा. जिला वर्गात एक तास धड बसता आलं नाही, तिला इथे उभं केलं. हाताची घडी, तोंडावर बोट. मी शाळा सोडली त्याचं लोकांना कारण हवं असतं. आईला वाटतं, घर मोडलं म्हणून. बाबांना वाटतं, त्या विज्ञानाच्या बाईंनी सगळ्यांसमोर पाणउतारा केला म्हणून. बाईंनी फक्त एवढंच म्हटलं होतं की बाक हलतोय, कोण हलवतंय. मी हलवत होते. मी उठले, दप्तर घेतलं, बाहेर गेले. फाटकाबाहेर एक माणूस सायकलचं पंक्चर काढत होता, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. मी ते संपेपर्यंत बघितलं. दुसऱ्या दिवशी गेले नाही. मग त्याच्या दुसऱ्या दिवशी पण नाही. एवढंच झालं. कुणी मारलं नाही, कुणी प्रेमात फसवलं नाही. माझ्या अंगात काहीतरी सारखं पळत असतं आणि तिथे त्याला जागा नव्हती. हे मी दोघांना वेगवेगळं सांगून बघितलं. आई म्हणाली, "हे कारण नाही बाळा, हे लक्षण आहे." बाबा म्हणाले, "असेल," आणि सोल्डरिंग चालू ठेवलं. मला राग आला दोघांचा, पण बाबांचा थोडा कमी.

पण पट्टीवर उभं राहायला मला जमलं. पहिल्यांदा पोटऱ्या थरथरल्या, नाकाच्या शेंड्याला खाज सुटली, ती वाढत वाढत सगळ्या खोलीएवढी झाली. मग कधीतरी गेली. यंत्र बारीक टिक-टिक करत एकेका चौकोनाला उठवतं, तो बोलतो, समोरचे सगळे ऐकतात, मग पुढचा. काही लागत नाही अंगाला. तरी मला वाटायचं, लागतंय. कुणीतरी अंगावरून हात न लावता हात फिरवतंय. सगळे चौकोन झाले की एक फेरी, मग परत पहिल्यापासून, भोंगा थांबवेपर्यंत. आणि फेऱ्या चालू असताना या दोघांना काही कामच नसतं. तेवढा वेळ ते आपापल्या फोममागे गप्प बसायचे. मग कालपरवापासून गप्प राहीनात. आकडेच तसे आले. मी मधे उभी राहिले की वाटा कमी होणार हे सगळ्यांना माहीत होतं, झाल्याही. पण एक वाट, जी ढोल्या नसताना, मी नसताना, इतकी क्षीण होती की आई तिला धरतच नव्हती, ती मी उभी राहिले की वर यायला लागली. आई म्हणाली, "चूक आहे मोजण्यात." बाबा फोममागून म्हणाले, "चूक कशाला? लहर तिच्यावर आपटून दुसऱ्या कोनातून येते तुमच्याकडे. एरवी त्या कोनातून काहीच येत नव्हतं." डावीकडून कीबोर्डचा आवाज. मग आई म्हणाली, "म्हणजे मधला माणूस नुसता खात नाही. देतोही." बाबा म्हणाले, "मी दहा वर्षं तेच बोंबलतोय." आणि आई हसली. मी पट्टीवर. मला ते हसणं डाव्या कानात ऐकू आलं आणि उजवीकडून खुर्ची करकरली, म्हणजे बाबा ताठ बसले असणार. मला आनंद व्हायला हवा होता. पोरं देवाकडे हेच मागतात ना, आईबाबा परत बोलू देत. पण मला कुणीतरी नोकरीवरून काढून टाकल्यासारखं वाटलं.

तर पडदा ओढला. भोंग्यानं "स्थिर!" म्हणून ओरडून फेऱ्या सुरू केल्या आणि तो चहाला गेला. टिक, टिक. मी कुत्र्याच्या डागाकडे बघत उभी. बराच वेळ नुसतं यंत्र. मग आई म्हणाली, "बदलीचं नक्की झालं."

मला वाटलं, फोनवर बोलतेय.

"कधी?" बाबा म्हणाले.

"हे मोजमाप संपलं की. तिथली प्रयोगशाळा नवी आहे. भिंतीसुद्धा अजून ओल्या आहेत म्हणे. सगळं पहिल्यापासून उभं करायचं."

"चांगलंय. तुम्हाला आवडतं पहिल्यापासून."

"टोमणा आहे का?"

"नाही हो. खरंच."

बदलीचं मला माहीत होतं, म्हणजे होऊ शकते एवढं. नक्की झाल्याचं नव्हतं. मला आधी सांगायला हवं होतं, मग मी बाबांना सांगितलं असतं, असं चालतं आमच्याकडे. माझ्या उजव्या पायाचा अंगठा बुटात आखडला. बुटातलं मोजणीत येतं की नाही कुणास ठाऊक.

"हिचं काय करायचं?" बाबा म्हणाले.

हिचं. मी इथे उभी आहे. हाताच्या अंतरावर नाही, पण ओरडायला लागू नये एवढ्या अंतरावर. तरी 'हिचं'. त्यांचा दोष नाही असं आता म्हणता येतं. रोज सकाळी भोंगा ओरडायचा 'बॉडी आत!', जेवायच्या सुट्टीला 'बॉडी बाहेर!', स्क्रीनवर 'बॉडीसह' आणि 'बॉडीविना' असे दोन रकाने. बॉडीला कान असतात हे या लोकांच्या डोक्यातून निघून गेलं होतं. चार भिंतींत कान नसलेलं काहीतरी उभं आहे आणि दोघं एकमेकांना दिसत नाहीत, तेव्हा माणसाची जीभ सुटते बहुतेक.

"तुमच्याकडे राहू दे तिला," आई म्हणाली.

"माझ्याकडे? नको नको. तुम्ही न्या."

"अहो, मी कुठे नेऊ? मी सकाळी जाणार, रात्री येणार. नवीन गाव, ओळख ना पाळख."

"आणि माझ्याकडे काय राजवाडा आहे? एक पलंग. मी खाली झोपतो ती आली की. कायमचं कसं जमेल?"

"मोठी खोली बघा."

"तुम्ही तिथे मोठं घर बघा. तुम्हाला देतील ना ते."

"प्रश्न घराचा नाहीये."

"मग कशाचा?"

"तुमच्याकडेच बरी ती. एवढंच."

"तुमच्याकडे बरी," बाबा म्हणाले, जरा चढ्या आवाजात. "आईजवळच बरी असते मुलगी."

असं चाललं होतं. रस्त्यावर सापडलेलं मांजराचं पिल्लू दोन शेजारी एकमेकांच्या दारात सोडतात तसं. तुम्ही ठेवा. नको, तुम्हीच ठेवा. डाव्या कानातून एक 'नको', उजव्या कानातून एक 'नको', आणि मधे माझं डोकं. मी एक गोष्ट नेहमी खात्रीनं धरली होती, भांडले तरी माझ्यावरून भांडतील, ओढतील मला दोन्हीकडून. कपडे वाटले, भांडी वाटली, पुस्तकं वाटताना तर एका जुन्या जाड पुस्तकावरून दोघं तासभर अडून बसले होते, शेवटी ते माझ्याकडे ठेवलं, कारण दोघांनाही ते दुसऱ्याला द्यायचं नव्हतं. पुस्तकासाठी तासभर. आणि माझ्यासाठी 'तुम्हीच न्या.' पळ, अंगातलं ते नेहमीचं म्हणालं, दप्तर घे आणि चालायला लाग, बाहेर कुणीतरी पंक्चर काढत असेल. पण मी हलले नाही. का नाही हलले? कारण हलले असते तर ते गप्प झाले असते, आणि मला पुढचं ऐकायचं होतं. माणूस दुखरा दात जिभेनं दाबून बघतो ना, तसं. मी फक्त श्वास घेत होते. तोही हळू, असं मला वाटत होतं.

"थांबा," आई म्हणाली. आवाज एकदम कामाचा. "तुमचा तक्ता हलतोय."

"माझा? भिंतीला बोल्ट आहेत."

"मग केबल सैल असेल. ती नवी वाट वरखाली होतेय. आधी बारीक होतं, आता बघा केवढं. लाटच आहे."

खडखड. बाबा पाना घेऊन तक्त्यामागे एकेक जोड आवळत असणार. "सगळं घट्ट आहे."

"तरी आहे. आता वाढलं."

"पंखा लावलाय का कुणी?"

"पंखा कुठाय इथे?"

"मग तुमच्या बाजूचं बघा."

तिनं बघितलं. खुर्ची सरकली, काहीतरी उपटलं, परत खोचलं. दोन शिकलेली माणसं, सगळं आयुष्य लहरी आणि बोलणं यात घालवलेली, वायरी हुडकत होती. माझी छाती भरत होती, रिकामी होत होती, आणि ते त्यांना दिसत होतं, एकेक श्वास, लहानातला लहान, हुंदका म्हणावा का काय ते पण, सगळं समोर स्क्रीनवर, आणि ते पाना फिरवत होते. मला हसू यायला लागलं. हसू आलं की लाट अजून मोठी होत असणार.

"जाऊ दे," शेवटी आई म्हणाली. "एवढ्या फेऱ्या आहेत. सरासरीत जाईल ते."

तेव्हा माझी ठिणगी पडली.

"केबल नाही ती!" मी ओरडले. पडद्याकडे बघूनच, कारण वळले असते तर कुणाकडे वळायचं ते ठरवावं लागलं असतं. "मी आहे! मी श्वास घेतेय! घालवा सरासरीत! नको असेन तर सरळ सांगा ना, मी माझी कुठे तरी जाईन. मांजर समजलात का, याच्या दारात, त्याच्या दारात?"

टिक. टिक. यंत्र आपलं चालूच. मग डावीकडून फोमचा आवाज झाला, घसटल्यासारखा, आणि उजवीकडून पाना फरशीवर पडला. दोघं बाहेर आले. मोजणी चालू असताना. पूर्वी कुणी असं केलं असतं तर बाबांनी त्याला उभा जाळला असता. आईनं चष्मा डोक्यावर केला होता, त्यामुळे ती झोपेतून उठल्यासारखी दिसत होती. बाबांच्या गालावर काळं लागलं होतं. तिघं त्या लांब टेबलाच्या बाजूला उभे, आणि मला कळेना की आता ओरडू की काय करू, कारण दोघांचीही तोंडं अशी झाली होती की चोर पकडला जावा आणि चोरानं स्वतःचंच घर फोडलेलं असावं.

"तू ऐकत होतीस?" बाबा म्हणाले.

"नाही. मी पुतळा आहे. काखेतून गळते."

"ठिणगे..."

"नाव नका घेऊ. ज्याला मी हवीये त्यानं हात वर करा."

हे मी का म्हटलं मला माहीत नाही. वर्गातलं तोंडात बसलेलं बाहेर आलं. आणि म्हटल्याबरोबर मला भीती वाटली, जन्मात कधी वाटली नाही एवढी, कारण दोघांपैकी कुणीच हात वर केला नाही. दोघांनी आधी एकमेकांकडे बघितलं. आईनं बाबांकडे, बाबांनी आईकडे, तू आधी, नाही तू आधी, असं. मी मनात दप्तर उचललं. आणि मग दोघांचेही हात उठले. बाबांचा खांद्यापर्यंतच, लाजल्यासारखा. आईचा सरळ वर, कोपर कानाला टेकलेलं, पहिल्या बाकावरच्या मुलीचा असतो तसा. हात वर करून दोघं एकमेकांना बघत राहिले.

"मग तू कशाला म्हणत होतास, घेऊन जा म्हणून?" आई बाबांना म्हणाली. 'अहो' कुठल्या कुठे गेलं होतं.

"तू टीव्ही लावून झोपतेस म्हणे. आवाज बंद करून, नुसता उजेड. ती असते तेव्हा नाही लावत. म्हटलं, परक्या गावात एकटी..." बाबांनी हात खाली घेतला, मग परत वर केला, मतदान अजून चालू असल्यासारखा. "आणि तू? तू कशाला?"

"तू पातेल्यातूनच जेवतोस. उभ्यानं. शनिवार-रविवारच ताट घेतोस, ती असते म्हणून."

"कुणी सांगितलं?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं होतं. मला आठवतही नव्हतं कधी. निरोप नव्हता तो. जिन्यात बूट काढताना, 'जेवलीस का तिकडे?' 'हो, बाबा पातेल्यातूनच खात होते, मी ताट दिलं.' असं. मी जे निरोप जपून, राग गाळून, शब्द न् शब्द पोचवले, त्यातला एकही या दोघांना आठवत नसेल. आणि हे सहज तोंडातून गळलेलं त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं, इतके दिवस, आणि त्याच्यावरून प्रत्येकानं ठरवलं होतं की मला दुसऱ्याला देऊन टाकायचं. मला बसावंसं वाटलं. मी पिवळ्या पट्टीवरच बसले.

दार उघडलं आणि भोंगा आत आला, हातात कप. "झाल्या का फे..." त्यानं बघितलं. बॉडी खाली बसलेली, दोन्ही साहेब मधे उभे, हात वर. "आँ? सगळेच मधे? मग मोजणार कोण?" तो एक पाऊल मागे सरला. "सावकाश चालू द्या," असं तो त्याच्या मानानं हळू, म्हणजे बाहेरच्या जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला, आणि दार लोटून गेला.

"आता तू सांग," आई माझ्यासमोर खाली बसत म्हणाली. तिचे गुडघे वाजले. "तुला काय हवंय?"

नको असणं सोपं होतं. राग यायचा, राग मला येतो, माझ्या ओळखीचा आहे. हे वेगळंच होतं. दोन हात वर आहेत आणि त्यातला एक मीच खाली करायचा. मी बाबांचे बूट बघितले, त्यांच्या डाव्या बुटाची नाडी कायम सुटलेली असते. मी आईचा हात बघितला, बोटावर पेनाचा डाग. कुणाला जास्त गरज आहे याचा विचार करायचा म्हटलं तर मी त्यांच्यासारखीच झाले असते, दुसऱ्याच्या वतीनं गणित मांडून चुकणारी. म्हणून मी तो विचार केला नाही. मी अंगातल्या त्या पळणाऱ्याला विचारलं. ते नेहमीसारखं म्हणालं, इथून चल.

"मला इथून जायचंय," मी म्हटलं. "या गल्ल्यांतून. बाबा, तुमच्यामुळे नाही. आईसाठी पण नाही. तिथल्या भिंती ओल्या आहेत ना, त्या बघायच्यात. मी आईबरोबर जाणार. शाळेत नाही जाणार, ते आत्ताच सांगते."

"ते तिथे गेल्यावर बघू," आई म्हणाली.

"बघायचं नाहीये त्यात काही."

"बरं," बाबा म्हणाले. ते मला म्हणाले की हवेला, कळलं नाही. "बरं." वाकून त्यांनी पाना उचलला आणि तक्त्याकडे गेले आणि एक जोड आवळायला लागले, जो मघाशी आवळून झाला होता. पाना फिरतच नव्हता. मी उठून त्यांच्यामागे जायला निघाले, पण आईनं माझं मनगट धरलं, घट्ट नाही, नुसतं धरलं. मी तिच्याकडे बघितलं. तिनं मान हलवली, थांब म्हणून. ती जिंकली होती आणि तिच्या तोंडावर जिंकल्याचं काहीही नव्हतं.

मग बाबा बोलायला लागले. पाठमोरेच, तांब्याच्या चौकोनांकडे बघत. माझ्याशी नाही.

"ताप आला तर ती सांगत नाही. कान लाल होतात, त्यावरून ओळखायचं."

"माहितीये," आई म्हणाली.

"अंड्यातलं पिवळं खात नाही. पांढरं खाऊन पिवळं रुमालात गुंडाळून टाकते."

"अरे, माहितीये मला. मी तिची..." आई थांबली. पाना अजून त्या एकाच जोडावर होता, न फिरता. तिनं माझं मनगट सोडलं, उठली, टेबलाला वळसा घालून त्यांच्या तक्त्यापर्यंत गेली, दोन खुर्च्या ओढल्या, एकीवर बसली.

"सांग," ती म्हणाली. "पुढे सांग."

"रागावली की दार लावून घेते," बाबा म्हणाले. "तेव्हा मागे जायचं नाही. थोड्या वेळानं पाणी प्यायला म्हणून येते. पाणी पीत नाही, नुसता ग्लास घेऊन उभी राहते. तेव्हा काही विचारायचं नाही. आपलं काम चालू ठेवायचं, पण जवळच बसायचं."

"हं," आई म्हणाली. "अजून?"

बाबा दुसऱ्या खुर्चीवर बसले. आणि सांगत राहिले, एकेक, आई 'हं' म्हणत राहिली, आणि मी मधे कुठेच नव्हते. मी खिडकीपाशी गेले आणि पडदा उघडला.